बिनपडद्याची गिटार आणि वर काळी सनमायका

ही वस्तू कुठल्या दुकानात मिळत नाही. बनवणारा मी, वाजवणारा मी आणि मत देणाराही मीच, म्हणजे न्यायाधीश घरचाच. तरीही बनवणाऱ्याची बाजू घ्यायची नाही असं ठरवून लिहायला बसलोय. मी फर्निचरचं काम करतो. कपाटं, ट्रॉल्या, टीव्ही युनिटं. दिवसभर हातात सनमायका आणि रात्री गिटार, त्यामुळे दोन्हींची गाठ कधीतरी पडणारच होती.

फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या घाटाची एक साधी इलेक्ट्रिक गिटार होती. फ्रेट, म्हणजे गळ्यावरचे धातूचे पडदे, झिजून सपाट झालेले, नवे बसवायचा खर्च गिटारीच्या किमतीला टेकणारा. म्हणून फ्रेट काढले, खाचा भरल्या आणि फिंगरबोर्डवर, म्हणजे नेकच्या (गळ्याच्या) ज्या पट्टीवर बोटं दाबतात तिच्यावर, एक मिलिमीटर जाडीची काळी, चकचकीत सनमायका चिकटवली. नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरची घोडी) तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, कारखान्यातून आली तेवढीच. पिकअप (तारांचा कंप विजेत उतरवणारे), बॉडी, खुंट्या सगळं जुनंच. त्यामुळे खाली जे काही बरंवाईट लिहिलंय ते त्या पट्टीचं आणि पडदे नसण्याचं आहे.

फ्रेट उपटून मोकळं का झालो नाही, वर आणखी थर कशाला, असं विचारणारे भेटतात. त्याचं कारण बोटाच्या मांसात आहे. फ्रेटवाल्या गिटारवर तुम्ही बोट दाबता फ्रेटच्या मागे आणि तार टेकते फ्रेटच्या धातूवर. एक टोक फ्रेटवर, दुसरं ब्रिजवर, दोन्हीकडे टणक. फ्रेट गेला की हे टोक थेट बोटावर येतं. बोट मऊ, ते तारेचा कंप पिऊन टाकतं, आणि खालचं लाकूड मऊ असेल तर उरलेला कंप तेही पितं. जाड तारांमध्ये वजन असतं, त्या तरीही थोडा वेळ बोलत राहतात. पहिल्या दोन बारीक पोलादी तारांवर मात्र स्वर ‘टुक’ करतो आणि संपतो. आस, म्हणजे स्वराचं मागे रेंगाळणं, म्हणून काही उरतच नाही.

बिनपडद्याच्या प्रत्येक वाद्याने या अडचणीतून आपापली वाट काढलेली आहे. व्हायोलिनला काळजीच नाही, गज फिरतोय तोवर तारेला नवी ऊर्जा मिळत राहते. अरबी-तुर्की ऊद छेडून वाजवतात, तिथे बहुतेक तारा जोडीने असतात आणि वादक लांबट पट्टीसारख्या नखीने भराभर आघात करून स्वर जिवंत ठेवतो. सरोदने सगळ्यात सरळ उपाय केला: फिंगरबोर्डच पोलादी पत्र्याचा, आणि तार दाबायला बोटाच्या पेराऐवजी बरेचदा नखाची कड. दोन्हीकडे कठीण वस्तू, म्हणून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, लांबवर चालते.

गिटारवाल्यांनीही हे केव्हाच ओळखलंय. बास गिटारवर तर फ्रेटलेस, म्हणजे बिनपडद्याचा, प्रकार जुना आहे. अँपेग कंपनीने १९६६ मध्ये फ्रेटलेस बास विकायला काढला, फेंडरने १९७० मध्ये. अमेरिकन बासवादक जॅको पास्टोरियसच्या बासवर बोटीला लावतात ते इपॉक्सी (वाळून कडक होणारं रेझिन) चढवलेलं होतं, कारण गोल वेटोळं गुंडाळलेल्या तारा उघडं लाकूड खाऊन टाकतात. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमनंतर असला इपॉक्सी चढवलेला फिंगरबोर्ड ही जवळजवळ फॅशनच झाली. गिटारमध्ये फ्रान्सच्या व्हिजिए कंपनीची ‘सर्फ्रेटर’ धातूच्या पट्टीची येते, आणि अमेरिकेतला गिटारवादक नेड एव्हेट काचेचा फिंगरबोर्ड वाजवतो. तुर्कस्तानच्या एर्कान ओउर या वादकाने १९७६ मध्ये नायलॉन तारांची क्लासिकल गिटार बिनपडद्याची केली, ती त्यांच्या मकामातले, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वरपद्धतीतले, सूक्ष्म स्वर लावता यावेत म्हणून.

म्हणजे वेडेपणा माझा एकट्याचा नाही. माझी भर फक्त सनमायकाची.

आणि ती दिसते तितकी विचित्र नाही. सनमायका म्हणजे क्राफ्ट कागदाचे थर फेनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, उष्णतेत आणि प्रचंड दाबाखाली एकजीव केलेले, आणि वर मेलामाइनचा कठीण पापुद्रा. हे लॅमिनेट सुरुवातीला कपाटांसाठी नव्हतंच. १९१२ च्या सुमाराला अमेरिकेत ते तयार झालं ते विजेच्या यंत्रांमध्ये अभ्रकाच्या जागी वापरायला. आज फ्रेटलेस बासवर कारखान्यातून जे काळे कृत्रिम फिंगरबोर्ड येतात, त्यातले बरेच याच जातीचे, कागद आणि रेझिनचे. ते जाड ठोकळ्यातून कापलेले असतात, माझा एक मिलिमीटरचा कातडीसारखा थर आहे, एवढा फरक.

काच का नाही घेतली? काच जास्त कठीण आहे हे खरं. पण काच वाकत नाही. गिटारचा फिंगरबोर्ड आडवा किंचित गोल असतो, काच बसवायची तर तो रंध्याने सपाट करावा लागतो. शिवाय नेक लाकडाचा आहे, पावसाळ्यात एक चाल, उन्हाळ्यात दुसरी. वर ताठ काच म्हणजे कधीतरी तडा. धातूचा पत्रा मला मोहात पाडत होता, पण अॅल्युमिनियम बोटांना काळं लावतं आणि स्टीलचा पत्रा हातकामाच्या हत्यारांनी नीट कापून कड साफ करणं हे माझ्या कामातलं नाही. सनमायका माझ्या कामातली आहे.

कुठली सनमायका, यावर मात्र आधी प्रयोग केला. एका लांब फळीवर दोन खिळे, मध्ये पहिली तार ताणलेली, आणि तारेखाली हाताशी असतील ते नमुन्याचे तुकडे सरकवत गेलो. लाकडाच्या रेषा उठवलेला तुकडा घेतला की बोट सरकताना पॉलिश पेपरवर घासल्यासारखा आवाज. स्वीड फिनिशवर खरखर कमी, पण स्वर बसका. अॅक्रिलिक शीट दिसायला देखणी, तारेने पहिल्याच मींडेला ओरखडली. साधी चकचकीत काळी सगळ्यांत उजवी निघाली: बोट घसरतं, तार स्वच्छ बोलते. तुम्हाला करायची असेल तर रंग कुठलाही घ्या, पण चकचकीतच घ्या.

आता कामाबद्दल. फ्रेट काढणं हा यातला सगळ्यात जिवावरचा भाग, कारण घाई केली की लाकडाच्या कपच्या निघतात. प्रत्येक फ्रेटवर सोल्डरिंग आयर्न टेकवून तो गरम करायचा, म्हणजे खाली गोंद असेल तर सुटतो. मग तोंड घासून सपाट केलेल्या कातरपकडीने एका टोकापासून हळूहळू उचलत न्यायचं. ओढायचं नाही, फक्त पकड आवळायची, तो आपोआप वर येतो. खाचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात, त्यात व्हिनियरच्या पट्ट्या गोंद लावून खोचल्या आणि वाळल्यावर पटाशीने छाटल्या. हे भरणं टाळू नये. खाचा रिकाम्या ठेवल्या तर नेक तारांच्या ओढीखाली पुढे झुकतो, वरून सनमायका लावून ते झाकलं जाईल पण सुधारणार नाही.

चिकटवताना फर्निचरची सवय बाजूला ठेवावी लागली. दारावर सनमायका लावतो तेव्हा रबरी गोंद चालतो, दोन्हीकडे लावा, सुकू द्या, थापा. पण तो वाळल्यावरही लवचीक राहतो, आणि लवचीक थर म्हणजे पुन्हा कंप पिणारी गादी. इथे सावकाश घट्ट होणारं इपॉक्सीच हवं. फिंगरबोर्डच्या गोलाईचा उलटा साचा एमडीएफचा बनवला, त्याला आतून मेणकागद, आणि वरून ओळीने सी-क्लॅम्प. गोलाईची काळजी करू नका. २४१ मिलिमीटर त्रिज्येच्या बोर्डवर कडेपासून मध्यापर्यंतचा उंचवटा नटपाशी एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो आणि दुसऱ्या टोकाला दीडच्या थोडा पुढे. एक मिलिमीटरची शीट तेवढी गार असतानाच वाकते. फक्त कापताना शीटची लांबीची दिशा नेकच्या लांबीला धरा, कारण ओल धरल्यावर लॅमिनेट आडवं जास्त फुगतं, उभं कमी.

इथे कुठलाही सुतार एक शंका काढेल, आणि ती रास्त आहे. फळीच्या एकाच बाजूला सनमायका लावली तर फळी वाकते, म्हणून आपण मागे लायनर, म्हणजे तोल साधायला पातळ थर, लावतो. नेकच्या मागे लायनर कसा लावणार? लावायचा नाहीच. ते काम ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली फिरवून ताणायची सळई, करतो. तारा चढवल्यावर सळई थोडी फिरवली आणि नेक जागेवर आला. ज्या गिटारला ट्रस रॉड नाही, तिच्यावर हा प्रयोग करू नका.

कडा ट्रिमरने आणि मग कानशीने. कानस फक्त वरून खाली चालवायची. उलटी मारली की मेलामाइनचा टवका उडतो आणि पांढरा दात दिसत राहतो. कडेला कागदाच्या थराची तपकिरी रेघ दिसते. मला ती आवडते. काहींना ती स्वस्त वाटेल, त्यांनी काळ्या मार्करने मिटवावी.

या सगळ्यात एक गोष्ट अशी जुळून आली की तिच्यासाठीच मी हा उपाय दुसऱ्यांना सुचवतो. नेहमीच्या फ्रेटची उंची साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. फ्रेट काढले की तारा तेवढ्याच अधांतरी राहतात. मग नटच्या खाचा खोल करा, ब्रिज खाली घ्या, तोही पुरला नाही तर नेकच्या खाचेत पाचर घालून कोन बदला. एक मिलिमीटरची सनमायका बसली की गेलेली उंची परत आली. ब्रिजला मी जवळपास हात लावला नाही. नटच्या खाचा फक्त थोड्या उतरवल्या, तार आणि पट्टी यांच्यात जाडसर कागद जेमतेम सरकेल एवढ्या.

खुणांबद्दल सांभाळा. गिटारच्या कडेवरचे ठिपके दोन फ्रेटच्या मध्ये असतात, कारण बोट तिथे ठेवायचं असतं. बिनपडद्याच्या गिटारवर स्वर असतो जिथे फ्रेट होता तिथे. तिसऱ्या फ्रेटच्या जुन्या ठिपक्यावर विश्वासून बोट ठेवलंत तर सोळा मिलिमीटर मागे पडाल, म्हणजे साधारण अर्ध्या अर्धस्वराचा फरक. सनमायका वरून सगळं झाकते, खाचांच्या रेषाही दिसत नाहीत, म्हणून कडेला फ्रेटच्या नेमक्या जागी नवे ठिपके हवेत. दोन मिलिमीटरचं भोक, त्यात पांढऱ्या प्लास्टिकची काडी, वरून कापून घासली. जुने ठिपके काळ्या लांबीने बुजवले.

आता आवाज.

आस वाढली का? वाढली, पण जेवढी हवी तेवढी नाही. जाड चार तारांवर स्वर आरामात टिकतो. दुसऱ्या तारेवर बरा. पहिल्या तारेवर, बाराव्या खुणेच्या वर, पेराने दाबलं तर अजूनही ‘टुक’च, फक्त उघड्या लाकडापेक्षा जरा लांबट. पट्टी कितीही कठीण करा, बोट मऊच राहणार. हे ज्याला कळलं नाही तो एकामागून एक पट्ट्या बदलत बसेल.

पण मला जे मिळालं ते मी मागितलंच नव्हतं: जवारी. तानपुऱ्याच्या घोडीवर तार एका टोकदार काठावर संपत नाही, ती सपाटसर उताराला घासत घासत सुटते, आणि त्या घासण्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलतात. बिनपडद्याच्या पट्टीवर बोटाच्या पुढे नेमकं हेच होतं. तार पट्टीपासून इतक्या कमी कोनात उठते की कंपताना ती पट्टीला हलके चाटत राहते. फ्रेटलेस बासचा तो ‘म्वाऽऽ’ असा तोंड उघडल्यासारखा आवाज इथूनच येतो. लाकडावर तो गुबगुबीत असतो. सनमायकावर तो स्पष्ट, थोडा नाकातला, आणि तिसऱ्या-चौथ्या तारेवर तर छेडल्यानंतर क्षणभराने स्वर पुन्हा उजळतो. संपूर्ण फिंगरबोर्डच घोडी झाल्यासारखा.

आणि जवारीसारखीच ती लावावी लागते. तानपुऱ्याला दोरा सरकवतात, इथे ट्रस रॉड. नेक एकदम सरळ असला तर तार सगळीकडे थडथडते. फार झुकवला तर कोन वाढतो आणि जवारी बंद, नुसता कोरडा स्वर. मधल्या खुणांपाशी एक-दोन दशांश मिलिमीटरचा झोल असला की ती खुलते. सळई पाव आटा फिरवायची, वाजवायचं, थांबायचं. हवामान बदललं की पुन्हा. ज्यांना एकदा सेट करून विसरून जायचं असतं त्यांना हे वाद्य चिडवेल. शिवाय पट्टीत कुठेही उंचवटा असला तर जवारी तिथेच अडते, आणि चकचकीत काळ्यावर तो दिसतोही: ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पट्टीवर पाडा, रेघ जिथे वाकडी दिसेल तिथे घोळ आहे. पुढच्या वेळी कोणी मला पट्टी करून मागितली तर चिकटवण्याआधी खालचं लाकूड लांब सरळ ठोकळ्याने आणखी घासेन, बाकी सगळं असंच.

पहिल्या तारेचा प्रश्न सरोदने सोडवला. डाव्या हाताची नखं थोडी वाढवली आणि तार पेराऐवजी पेर आणि नख यांच्या सांध्यावर, नखाच्या कडेने धरली. फरक ऐकून मी वाजवणं थांबवलं. एका बाजूला नख, खाली मेलामाइन, मध्ये पोलादी तार, मऊ काहीच नाही. स्वर लांबतो, घंटेच्या जातीची टणत्कारी धार येते, आणि मींड अखेरपर्यंत ऐकू येते. उघड्या लाकडावर हे करता येत नाही, नख आणि तार मिळून लाकडात चर पाडतात. म्हणून माझ्या मते कठीण पट्टीचा खरा उपयोग हा: ती तुम्हाला नख वापरायची मुभा देते. किंमतही आहे. नख झिजतं, त्यात खाच पडते, खाचेत तार अडकते, मग नख घासा. माझ्या धंद्यात नखं शाबूत राहणं आधीच कठीण. अनामिकेचं नख कामावर तुटलं की आठवडाभर पहिली तार सुट्टीवर.

सुरेलपणाचा हिशेब मिलिमीटरमध्ये सांगतो, कारण मला तसाच समजतो. नटपाशी बोट एक मिलिमीटर चुकलं तर अर्धस्वराचा साधारण सदतिसावा भाग चुकतो, तो कानाआड होतो. बाराव्या खुणेपाशी तोच मिलिमीटर दुप्पट महाग पडतो. आणि तिथून वर तर बोटाचा कल बदलला तरी स्वर हलतो. पण याच हिशेबाची दुसरी बाजू गोड आहे. मोकळी तार षड्ज धरली, तर फ्रेटवाल्या गिटारचा शुद्ध गंधार नटपासून १३३.७ मिलिमीटरवर असतो. तानपुऱ्यात ऐकू येतो तो गंधार, म्हणजे तारेचा पाचवा भाग सोडल्यावर लागणारा, १२९.६ वर आहे. चार मिलिमीटर अलीकडे! इतकी वर्षं गिटारचा गंधार मला चढा का वाटायचा ते मोजपट्टीने दाखवलं. कोमल गंधार उलट पाच मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो. पंचमाचा फरक अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे भांडण नाही. तानपुरा लावून एका तारेवर हळूहळू गंधार शोधायचा, आणि तो सापडला की सगळी गिटार अंगभर गुंजते. पडदे असताना हे करायची सोयच नव्हती, तार ओढून वर जाता येतं, खाली येता येत नाही.

मींड तर या वाद्याची सहज चाल. सितारीत मींड तार आडवी ओढून घेतात, सरोदमध्ये तारेवरून सरकून. ही गिटार सरोदच्या घरची झाली. कंपनसुद्धा आडवं बोट हलवून येत नाही, व्हायोलिनसारखं तारेच्या दिशेने मागेपुढे डोलावं लागतं. गिटारवाल्यांचा हात सवयीने आडवा जातो आणि काही होत नाही, तो गोंधळ थोडे दिवस राहतो.

कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम वाजवणं, मात्र विसरा. जवळजवळ पूर्ण विसरा. कारण सोपं आहे: नटपाशी दोन तारांमधलं अंतर सात मिलिमीटर आणि बोटाचं टोक त्याच्या दुप्पट रुंद. फ्रेट असताना तीन बोटं एकाच घरात मागेपुढे दाटीवाटीने उभी राहतात, फ्रेट सगळ्यांना एका रेषेत आणतो. इथे प्रत्येक बोट स्वतःच फ्रेट, आणि तीन बोटं त्या सात मिलिमीटरच्या अंतरात एका ओळीत मावतच नाहीत. साधा ए मेजर तीन बोटांनी धरला की एक स्वर चढा, एक उतरा, एक देवाच्या भरवशावर. एका बोटाने आडवा धरला तर जमतो, तोही मोकळ्या तारांच्या मदतीने. दोन-दोन स्वर, षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम, छान वाजतात. गाण्याला साथ करायला गिटार हवी असेल त्याने या भानगडीत पडू नये.

माझी भाची व्हायोलिन शिकते. तिच्या हातात दिली, म्हटलं हिला सोपं जाईल. मोकळ्या तारेवर सा, मग पहिलं बोट सवयीच्या अंतरावर, आणि कोमल रे लागला. तिने पुन्हा लावला, पुन्हा कोमल. “मामा, ही गिटार खोटी आहे रे!” व्हायोलिनवर मोकळ्या तारेपासून शुद्ध रिषभ जेवढा दूर, तेवढ्याच अंतरावर गिटारवर कोमल रिषभ येतो, साधारण ३६ मिलिमीटर. गिटारची तार दुप्पट लांब आहे ना. हे समजावल्यावर तिने बाराव्या खुणेच्या वर हात नेला, जिथून पुढची तार तिच्या व्हायोलिनएवढीच उरते, आणि तिथे ती माझ्यापेक्षा सुरेल वाजवायला लागली. मग म्हणाली, “हिला गज नाही का लावता येणार?” येणार नाही, ब्रिजची गोलाई पुरेशी नाही, मधल्या तारा एकेकट्या गजाखाली सापडत नाहीत. पण प्रश्न बरोबर होता. या वाद्यात कमी आहे ती गजाचीच.

ती कमी थोडीफार विजेने भरता येते. कॉम्प्रेसर पेडल जवळजवळ अनिवार्य समजा. आघात दाबून शेपूट वर उचलतं, पहिल्या तारेची आस ऐकण्याजोगी होते. हलकं ओव्हरड्राइव्हही (आवाज किंचित फाडणारं पेडल) चालतं. नेकजवळचा पिकअप गोल आवाज देतो, पण जवारीची धार ब्रिजजवळच्या पिकअपमध्ये जास्त उतरते, मी दोन्ही मिळून ठेवतो. अँपशिवाय, कोरडी, रात्री घरच्यांची झोप न मोडता वाजवायलाही ठीक आहे, फक्त मग नखानेच वाजवा.

तारांवर पैसे वाचवू नका. फ्लॅटवाउंड घ्या, म्हणजे वरचं वेटोळं चपटं असलेल्या, आणि तिसरी तारही वेटोळ्याची असलेला संच. नेहमीच्या गोल वेटोळ्याच्या तारा लावून पाहिल्या. आवाज जास्त चमकदार, जवारीही जास्त, पण सरकताना कर्र-कर्र, आणि सनमायकाच्या चकाकीवर वेटोळ्यांची बारीक नक्षी उमटायला लागली. मेलामाइन कठीण असलं तरी पोलादापुढे हरतं. फ्लॅटवाउंडखाली पट्टी शांत राहते. पहिल्या दोन तारा मात्र सगळ्याच संचांत उघड्या पोलादाच्या, आणि त्यांच्याखाली झीज होणारच.

घाम आला की चकचकीत पृष्ठभाग बोटाला धरतो, मींड मध्येच ठेचकाळते. कोरडं फडकं जवळ ठेवावं. त्या बदल्यात शिसवी फिंगरबोर्डला लागतं ते तेल, ती साफसफाई, ते कोरडं पडणं, यातलं काही नाही. ओल्या फडक्याने पुसा, किचनच्या ओट्याखालचं कपाट पुसतो तसं. दिसायला काळी पट्टी आरशासारखी आहे, समोरून फ्रेट नाहीत, खुणा नाहीत. पाहणाऱ्याला गिटार अर्धवट राहिलीय असंच वाटतं आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं.

तारे द्यायची पद्धत आहे म्हणून देतो. एकतारी चालीने रागाचे आलाप, संथ धुन, मींडेचं काम यासाठी पाचपैकी साडेचार. जलद तानांना तीन, कारण पहिल्या तारेवर नखाची शिस्त सुटली की सगळं विस्कटतं. कॉर्डना अर्धा, तोही षड्ज-पंचमामुळे. बनवायला सोपेपणात सुताराला चार, बाकीच्यांना दोन. ज्याने कधी सनमायका ट्रिम केली नाही त्याने आधी रद्दी प्लायच्या पट्टीवर हात बसवून घ्यावा. चांगल्या, महाग गिटारीवर हे करू नका. पडदे काढणं सोपं, पुन्हा बसवणं ही वेगळी कारागिरी आहे. आणि ज्याचा कान अजून फ्रेटवर अवलंबून आहे त्याने विकतची घ्यायच्या आधी कुणाची तरी तासभर वाजवून पाहावी.

सध्या पहिल्या तारेखाली, सातव्या ते बाराव्या खुणेदरम्यान, चकाकी मंदावलीय. बोट फिरवलं की कळत नाही, दिव्याखाली कलती धरली की दिसतं. चर पडून स्वर थडथडायला लागला की इस्त्री गरम करून पट्टीवर फिरवायची, इपॉक्सी मऊ पडलं की पातळ पटाशी घालून एका टोकापासून सोलायची, खालचं लाकूड पुसायचं आणि त्याच साच्याखाली नवी पट्टी दाबायची. साचा मी ठेवलाय, आणि त्याच शीटमधून कापलेली दुसरी पट्टीही.